डॉक्टरच्या गाडीतला साठ किलोचा अँगल

…नाय, दरवाजे नायतच! तुमाला सांगतो, मी सगळी खोकी उलटी केली, थर्माकोल उचकटला, म्हटलं इंग्लंडवाले पाठवायला इसरले असतील, पॅकिंगवाला त्या दिवशी सुट्टीवर असंल बिचारा… तर डॉक्टर चष्मा वर करून बोलतात, "जगन्नाथ, हिला दरवाजे नसतातच रे." नसतातच! बरं, छप्पर? नाय. काचा? नायत. एसी? अवो, ह्या कुवेतमधी, जितं जुलैमधी नळाचं थंड पानी अंगावर घेतलं तर कातडी सोलून निघते, तितं मानूस स्वतःच्या खुशीनं बिनएसीची गाडी घेतो? आमच्या कंपनीच्या बसचा एसी दहा मिन्टं बंद पडला तर आमी जलीबच्या कामगार-वस्तीतली मानसं डायवरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, आनि हे शिकले-सवरलेले लोक तसलीच गाडी इंग्लंडवरनं मागवतात, ती बी सुटी, चौदा खोक्यांत भरून, हितं आनून स्वतः जोडायची! पन कशाला? मला येवडंच कुनीतरी सांगा. पन कशाला?

हां, तुमाला डॉक्टर म्हायती नाय. डॉक्टर दत्तप्रसाद, पुन्याचे, हाडांचे डॉक्टर, र्‍हायला मंगफला. मी जगन्नाथ, गाव लांज्याकडं, शाळा चौथी, धंदा वेल्डिंग. कंपनीत ट्रेलर बनवतो, पान्याच्या टाक्या बनवतो. येकदा माजा अंगठा ग्राइंडरला लागला, डॉक्टरनी शिवायला घेतला, नि शिवता शिवता सहज इचारलं, "काम काय करतोस रे?" मी बोल्लो, वेल्डर. तसं त्या मानसाचे डोळे असे चमकले, असे चमकले, की टाका अर्धा सोडून माजा दुसरा हात धरला! "शुक्रवारी मोकळा असतोस का?" मी घाबरलो ना! म्हटलं ह्याला काय दुसरा अंगठा बी पायजे काय?

तर काय, मंगफला त्यांच्या बिल्डिंगच्या खाली पार्किंग, तितं ही चौदा खोकी, नि येक जाडजूड पुस्तक, सगळं चित्रांचं. माज्यासाठी बरं. डॉक्टर पुस्तक वाचनार, मी जोडनार. कारन हा मानूस, तुमाला सांगतो, जित्या मानसाचा खुबा काढून नवा बसवतो, आनि ह्याला नट कुटल्या बाजूनं सुटतो ते कळत नाय! पाना हातात धरायचे तो चमचा धरल्यासारखा. मी वरडायचो, "डॉक्टर, पेशंट हाय काय तो? लावा जोर!" वरनं विशाखावैनी चा घेऊन यायच्या, त्या गाडीकडं बगायच्या नि बोलायच्या, "दत्ता, इथे पाऊस नाही म्हणून छप्पर नाही, हे मी समजू शकते. पण माझ्या केसांचं काय?" डॉक्टर पुस्तकात तोंड खुपसायचे. मग दुपारी मला जेवन. शुक्करवारचं जेवन… वरन-भात! शुक्करवारी! मी कोकनातला मानूस, सहा दिवस त्या शुक्करवारच्या माशावर काडतो, नि हितं वरन, वर लिंबू! पन गेलो, बरं का. दर शुक्करवारी गेलो. मलाच कळंना, पन कशाला?

खरं सांगू? ती गाडी बगून डोकं असं खाजायला लागलेलं. येवडं बारकं इंजिन, येवडे बारके पाइप, सायकलीपेक्षा जरा जाड. हे चालंल कसं? कुनाला उचलंल कसं? बगितल्याबिगर झोप नाय.

आता हितं क्लब येतो. हां, क्लब हाय त्यांचा! असल्या बिनदरवाज्याच्या गाडीवाल्यांचा! आठ टाळकी. मोठा कोन, तर अहमदीचा कॉलिन म्हनून गोरा म्हातारा, निम्मं आयुष्य तेलकंपनीत गेलेलं, गुडगे वाकत नायत पन गाडीत शिरतो, बाहेर काडायला दोगं लागतात. दुसरा यूसुफ, कुवेती, दारात पाच गाड्या उभ्या, येकेक गाडी आमच्या सहा जनांच्या खोलीयेवडी, आत फ्रीज! नि हा सुकाळीचा शुक्करवारी सकाळी त्या पाची सोडून ह्या खेळन्यात बसतो! पन…? जाऊ दे.

तर क्लबचा रिवाज असा, की गाडी ज्यानं स्वतःच्या हातानं जोडली त्याचं नाव गाडीवर. पयल्या दिवशी सगळ्यांच्या म्होरं गाडीचं वजन करायचं, मग त्यानं उभं र्‍हायाचं, बोलायचं, "मी बांधली." मग टाळ्या, मग नाव. तर डॉक्टर मला हळूच बोलतात, "जगन्नाथ, तिथे कोणी विचारलं तर तू फक्त माझा मित्र, हं?" मी बोल्लो, चालंल. मला काय!

पयल्या शुक्करवारी चाललं, वो. दुसर्‍या चाललं. पन पंधरा शुक्करवार त्या लोखंडात हात घातल्यावर… आता बगा, गावाकडं शाळेचं गेट मी बनवलं. पाटी कुनाची? देनगीदाराची. देवळाचं गेट मी बनवलं. पाटी? देनगीदाराची. स्मशानातली शेड मी बनवली, वर चढून, उन्हात, त्याच्यावर बी देनगीदार सहकुटुंब! येका बी लोखंडावर माजं नाव नाय. आनि हितं येक अशी जागा, जितं रिवाजच हाय की जो बांधंल त्याचं नाव… नि तितं बी मी मित्र! रात-दिवस तेच टोचायला लागलं. माजं नाव पायजे. बस. पन शब्द दिलेला. बसलो गप.

गप बसलो, पन हात गप बसंनात. गाडी उभी राहिली, मी नेहमीसारकी हलवून बगितली. आमच्या कामाची पद्धतच हाय ती, काय बी बनवलं की धरून हलवायचं, हललं की लोखंडाचा अँगल मारायचा. ही हलली! मंग? डॉक्टर वर जेवायला गेले तसा मी खाली शिरलो, आडवा अँगल मारला. परत हलवली. जराशी हलली. तिरका मारला. मग बसायच्या जागी खाली पत्रा बगितला, कागद! डॉक्टरचा पार्श्वभाग नि कुवेतचा रस्ता ह्याच्यामधी कागद! तितं जाड लोखंडी चेकरप्लेट टाकली, ट्रेलरला टाकतो तसली. आता हलवा! हत्ती आनून हलवा! कुनाला बोल्लो नाय. बोलायचं काय त्यात? चांगलं काम हाय.

आला तो शुक्करवार. डिसेंबर महिना, सकाळी सहाला अहमदीला, रस्ते मोकळे, झाडं बिडं हायत तितं, थंडी मस्त. सगळ्या गाड्या वळीनं. आनि ह्यांच्या गप्पा ऐका! आमी मानसं जमलो तर काय बोलनार, कुनी काय घेतलं. हे बोलतात, गाडी हलकी करायला कुनी काय काडलं! येक बोलतो, "मी हीटर काढला." दुसरा, "मी स्टेपनी काढली." कॉलिन म्हातारा छाती फुगवून, "आय टुक आउट द क्लॉक!" घड्याळ काडलं! सगळे, "ओऽऽ!" यूसुफ बोलतो, "मैं जुमेरात को मचबूस नहीं खाता." अरं तू भात सोडलास? गाडीसाठी? हो हो करून मान हलवतो! मला र्‍हावंना. मी सरळ जाऊन त्याला इचारलं, "यूसुफभाय, गुस्सा नहीं करने का. लेकिन किसलिए?" पन कशाला रं बाबा?

तो हसला. बाजूची सीट थोपटली, "यल्ला, बैठो."

बसलो काय, पडलो आत! पाय लांब, बूड जमिनीला लागलं असं वाटलं. नि सुटला ना तो! आयच्यान सांगतो, मी आठ वर्सं ह्या कुवेतमधी हाय, पन बसमधनं, काच बंद, पडदा लावलेला, जलीब ते कंपनी, कंपनी ते जलीब. कुवेतला वास हाय ते मला म्हायती नव्हतं! हाय! सकाळचा वल्या मातीसारका येक वास, मग कुटनं तरी भाजलेल्या खुब्जाचा, म्हंजे हितल्या रोटीचा, वास, मग तेलाचा. हात बाहेर सोडला तर रस्ता बोटाला लागंल असा. बारीक खडा चाकाखाली आला तर मला कळतोय, हा खडा! हा डांबराचा जोड! वळनावर वाटलं गेलो, गेलो, गाडी आशी चिकटून वळली जशी पाल. मी वरडत व्हतो. काय वरडत व्हतो? म्हायती नाय. उतरलो तर यूसुफ बोल्ला, "अब बोलो, किसलिए?" माज्या तोंडात रेती.

तवर हिकडं डॉक्टरची गाडी काट्यावर. चार चाकांखाली चार काटे. पुस्तकात लिवलेलं पाचशे चाळीस किलो. काट्यानं किती दाखवलं? सहाशे! बरोबर सहाशे! तुमाला सांगतो, घरात कुनी मेलं तरी मानसं अशी तोंडं करत नायत. साठ किलो! ह्या लोकांनी घड्याळं काडलेली, भात सोडलेला, नि डॉक्टर साठ किलो जास्त घेऊन आले! साठ किलो म्हंजे किती? अवो, म्हंजे मी! माजं वजन साठ! म्हंजे डॉक्टर गाडीत येकटे बसले तरी मी हायच आत!

कॉलिन म्हातारा कुटं वाकत नाय, तो पार पाठीवर झोपला, बॅटरी मारली खाली, नि आतनं वरडला, "गुड लॉर्ड! डॉक्टर, हू पुट धिस रबिश इन हिअर?"

रबिश. आता विंग्रजी मला येत नाय, पन कंपनीत तीन फोरमन गोरे बगितलेत, रबिश कळतं मला! डॉक्टर पांढरे फटक. माज्याकडं बगतात. मी आबाळाकडं बगतो. बोल्लो तर डॉक्टरची अब्रू जाते, शब्द जातो, नि नाव पायजे तर त्या नावाबरूबर ही चूक बी माजीच! गप र्‍हा, जगन्नाथ, गप र्‍हा, तू मित्र हायस… आनि म्हातारा परत, "टोटल रबिश!"

"ए!" मी बोल्लो. "कोन रबिश? क्या रबिश? मेरा वेल्डिंग है वो! मैं बनाया! पूरा गाडी मैं बनाया! डॉक्टर को नट खोलने को नहीं आता, हाड खोलने को आता है! हलता था, इसलिए अँगल मारा! तुम्हारा इंग्लंडवाला कागद भेजा, मैं उसको मजबूत किया! रबिश बोलता है!"

बोलून गेलो. मग कळलं काय बोल्लो ते. डॉक्टरकडं बगायची हिंमत नाय.

म्हातारा खालनं सरकत बाहेर आला, दोगांनी उभा केला. परत बॅटरी घेतली, वाकता येत नाय तर परत आडवा झाला, हात घातला खाली, माज्या वेल्डिंगवरनं बोट फिरवलं, हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं. डोळे मिटून. "ब्यूटिफुल," बोल्ला. "मोस्ट ब्यूटिफुल वेल्ड आय हॅव सीन." छाती माजी अशी फुगली! नि लगीच बोल्ला, "कट इट आउट."

कापून टाक! यूसुफनं हिंदीत निवाडा सांगितला, नाव जगन्नाथचं लागंल, रिवाज हाय, पन गाडी पुस्तकाच्या वजनाला आली तरच. आनि डॉक्टर? मी म्हटलं आता हा मानूस माजा अंगठा परत उसवनार. तर डॉक्टर घाम पुसत बोलतात, "सुटलो रे बाबा! रोज स्वप्न पडायचं मला, सगळे विचारतायत कार्बुरेटर दाखव, आणि मी त्यांना रेडिएटर दाखवतोय."

दोन शुक्करवार गेले वो कापन्यात. स्वतःचं वेल्डिंग स्वतः कापायचं, ते बी ब्यूटिफुल! डोळ्यात पानी… चष्मा लावलेला म्हनून कुनाला दिसलं नाय. चेकरप्लेट काडली. तिरका काडला. आडवा काडला. हलवली, हलली. तोंड फिरवलं, डोळे झाकले. काट्यावर चढवली, पाचशे चाळीस! टाळ्या! माज्यासाठी टाळ्या, तुमाला सांगतो, आठ जनांच्या सोळा हातांच्या, नि यूसुफनं खिशातनं काडली पितळेची पाटी. येवडी. वर कोरलेलं, जगन्नाथ, पुरं नाव, बापाच्या नावासकट, विंग्रजीत. देनगीदार नाय, कुनी नाय. मी!

हातात घेतली. गार लागली. नि जड.

जड! मी हातावर तोलली. कॉलिन हिकडं बगतो, यूसुफ तिकडं बगतो, डॉक्टर चष्मा पुसतात. कुनीतरी बारका काटा आनला, भाजीवाल्याचा असतो तसला. शंभर ग्रॅम. पाचशे चाळीसवर शंभर ग्रॅम! कोनाच्या मनात काय नव्हतं वो, लाव बोलत व्हते सगळे, "माफी मुश्किल," म्हंजे हितल्या भाषेत काय हरकत नाय, "लगाव, लगाव!" पन मीच… काय झालं म्हायती नाय, माजंच डोकं फिरलं… मीच बोल्लो, "ड्रिल द्या हिकडं."

पाडली भोकं. येका वळीत नऊ. सत्तर ग्रॅमवर आली. सगळे, "ओऽऽ!" लावली गाडीला. फोटो काडला.

तो फोटो आता खोलीत सखारामला दाखवला, माजा पार्टनर, ट्रेलरचा पेंटर. तो बगतो, उलटा करतो, सुलटा करतो. "जगन्या, ही पाटी. मग तुजं नाव कुटाय?" मी बोल्लो, "भोकात गेलं. पन तीस ग्रॅम उतरले ना!" तर तो डोळे फाडून मला इचारतो, "अरं, पन कशाला?"

काय सांगू आता त्याला? बोल्लो, "सख्या, ते र्‍हाऊ दे. शुक्करवारी गाडीत बस, मंग कळंल. पन तुजं वजन किती, ते सांग पयलं."