भोपळ्याला पहिली सुरी

आमच्या सासूबाईंपुढं कुणाचं चालत न्हाई, त्याचा हा नमुना ऐका. दसऱ्याला नणंदबाई जेवायला येणार होत्या, आन् घारग्यांसाठी आणलेला लाल भोपळा अजून अख्खाच. अख्खा भोपळा बाईनं फोडायचा न्हाई, पहिली सुरी पुरुषानंच लावायची, हा सासूबाईंचा नेम. माझा नवरा कंपनीत शिफ्टला. शेवटी शेजारच्या आप्पांना बोलावलं. त्यांनी ऐटीत सुरी खुपसली, ती अडकली ती अडकलीच. आप्पा घामाघूम झाले. सासूबाई गुमान उठल्या, सुरी उपटली, उसाचा कोयता आणला आन् एक घाव, दोन तुकडे!

आप्पा म्हणाले, "अवो वहिनी, मग मला कशापायी बोलावलं?"

"शास्त्राला पुरुष लागतो, आप्पा. भोपळ्याला कोयता लागतो."