निव्वळ वजन चाळीस ग्रॅम

…आणि कप म्हणजे कोणता कप, हे कोणी सांगेल का? चहाचा? कॉफीचा? की लेकीच्या घरातले ते बादलीएवढे मग, ज्यात नाशिकचा अख्खा कपभर चहा ओतला तरी तळाला आचमनाएवढा दिसतो, ते? तुम्हाला सांगतो, त्र्यंबकराव पाऊण तास त्या ओट्याशी उभे होते, समोर टॅबलेटवर एक सोनेरी केसांची हसरी बाई, आणि ती बाई दर अर्ध्या मिनिटाला बत्तीशी दाखवून म्हणत होती, "फाइव्ह इन्ग्रेडियन्ट्स, टेन मिनिट्स!" पाच वस्तू, दहा मिनिटं! अहो, कुणाची दहा मिनिटं? कुठल्या घड्याळातली?

आता हे त्र्यंबकराव कोण, ते आधी सांगायला हवं, नाहीतर कपावरून एवढं काय तापायचं असं तुम्हाला वाटेल. वैधमापन खात्याचे निवृत्त निरीक्षक! म्हणजे दुकानदाराचा तराजू, लिटरची मापं, पाकिटावरचं वजन हे सगळं तपासणारा माणूस. एकतीस वर्षं! दिवाळीत हे पेठेत शिरले की "साहेब आले, साहेब आले" असं कुजबुजत मिठाईवाले पेढ्यांबरोबर तोललेली खोकी झटपट काउंटरखाली ढकलायचे. खोकं वेगळं, पेढा वेगळा! अशा माणसाला तुम्ही सांगता, "एक कप ओट्स घ्या, साधारण दोन चमचे मध घाला"? साधारण? साधारण हा शब्द त्यांनी आयुष्यात फक्त तब्येतीसाठी वापरला, तोही दोनदा.

तर हे आणि शोभनाकाकू ऑगस्टमध्ये अमेरिकेला आले, ईडन प्रेरीला, मुलगी राधिकाकडे. सहा महिन्यांसाठी. घर मोठं, रस्ते स्वच्छ, आणि करायला काम… शून्य! राधिका आणि जावई शंतनू दिवसभर लॅपटॉपला चिकटलेले. बाहेर पाहावं तर माणूस दिसत नाही, दिसतात त्या खारी. आणि नात इशिता, वय वर्षं दहा. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत, तेही असं भरधाव की वाक्य संपल्यावर धूळ तेवढी दिसते. सकाळी "हाय आबा", दुपारी "आय'म गुड आबा", संध्याकाळी "नाइट आबा." दिवसाला सात शब्द! त्र्यंबकरावांनी मोजले होते. मोजणारच ना!

तर मंगळवारी झालं असं, की राधिका डोकं धरून बसली. "यार, शनिवारी इशिताच्या सॉकर टीमचा स्नॅक माझ्याकडे आहे, आणि माझं शुक्रवारी सॉफ्टवेअरचं रिलीज आहे! मी विकत आणते काहीतरी."

"मॉम, नो! कोच बेकी सेड होममेड. एव्हरीबडी डिड होममेड. ग्रनोला बार्स, ओके?" म्हणजे ओट्स-मधाच्या वड्या.

आणि कोपऱ्यातून आवाज आला, "मी करतो."

सगळे वळून पाहायला लागले. शोभनाकाकूंची पोळी तव्यावरच राहिली. कारण त्र्यंबकरावांनी बेचाळीस वर्षांत स्वयंपाकघरात काही केलं असेल, तर ते म्हणजे दुधाच्या पिशवीचं वजन! इशिता त्यांच्याकडे बघून हळूच म्हणाली, "आबा, प्लीज… डोन्ट एम्बॅरस मी."

भरधाव इंग्रजी कळत नसलं तरी हे बरोबर कळलं. लागलं हो जिव्हारी. पण चेहरा निरीक्षकाचाच. "काळजी नसावी," म्हणाले. "पाच वस्तू, दहा मिनिटं."

बुधवारी सकाळी सुरुवात. ओट्स, मध, बेदाणे, चॉकलेट चिप्स, पीनट बटर. पहिलं काम काय केलं? वजनकाटा तपासला! राधिकाने डाएट करायचं ठरवलं तेव्हा आणलेला, डाएटपेक्षा जास्त टिकलेला. शंतनूच्या सुट्या नाण्यांच्या वाडग्यातून त्यांनी दहा निकेल काढले. इथलं निकेलचं नाणं बरोबर पाच ग्रॅमचं असतं, हे शोधायला त्यांना नेमकी दहा मिनिटं लागली… बाईची दहा मिनिटं इथेच संपली! दहा नाण्यांचे हवेत पन्नास ग्रॅम. काटा म्हणतो त्रेपन्न. "तीन ग्रॅमची चोरी!" असे ओरडले की वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये बसलेली राधिका म्यूट करून धावत खाली आली. "बाबा, कुठे चोरी? पोलिसांना बोलवू?"

दुपारी बार तयार. इशिता शाळेतून आली, बॅग टाकली, वास घेतला, आणि किंचाळली, "आबा! पीनट बटर? हॅना कॅन'ट! शी'ज अलर्जिक! लाइक, हॉस्पिटल अलर्जिक!"

टीममधली ही हॅना. शेंगदाणा, बदाम, काजू, कशाचा कण जरी पोटात गेला तरी त्या पोरीचा घसा सुजतो. खेळ संपला की सगळ्या मुली टेबलाभोवती गोळा होतात, आणि हॅना बाजूला बसून आईने दिलेलं सफरचंद खाते. दर शनिवारी. "एव्हरी सिंगल टाइम, आबा." एवढं मोठं संभाषण नातीने दोन महिन्यांत पहिल्यांदा केलं होतं!

त्र्यंबकराव तडक उठले. मग अख्खा ट्रे कचऱ्यात. आणि मग, तुम्हाला सांगतो, त्या घरात जी धाड पडली… ओटा साबणाने तीनदा, मिक्सरचं भांडं गरम पाण्यात, जुना ट्रे बाद, नवा ट्रे, नवे चमचे. आणि शोभनाकाकूंनी एवढ्या प्रेमाने भाजून, सोलून ठेवलेलं दाण्याचं कूट, बरणीसकट थेट गॅरेजमध्ये!

"अहो, उद्या माझी संकष्टी आहे! साबुदाण्याच्या खिचडीत काय घालू?"

"संयम घाल."

"मी काही बोलत नाही," काकू म्हणाल्या. हे वाक्य त्या म्हणाल्या की पुढचे दोन तास त्या बोलतात.

गुरुवारी प्रयोग दुसरा. पीनट बटरऐवजी सूर्यफुलाच्या बियांचं बटर. पण चॉकलेट चिप्स? पाकिटावर बारीक अक्षरात ग्राहकसेवेचा नंबर. लावला फोन! सव्वीस मिनिटं सनई-चौघड्यासारखं काहीतरी वाजत होतं आणि मधेमधे एक बाई, "युवर कॉल इज इम्पॉर्टंट टू अस…" मग कुणीतरी उचलला. "हॅलो, गुड मॉर्निंग, आय ॲम त्र्यंबक, रिटायर्ड इन्स्पेक्टर. इन युअर फॅक्टरी, ऑन सेम लाइन, ग्राउंडनट इज रनिंग?" पलीकडचा बिचारा 'इन्स्पेक्टर' ऐकून सटपटला, त्याने साहेबाला दिलं, साहेबाने मोठ्या साहेबाला. शेवटी उत्तर आलं, हो, त्याच यंत्रावर बदामही जातो. चिप्स बाद! मग ओट्सवाल्यांना फोन, मग बियांच्या बटरवाल्यांना फोन. नाव, वेळ, उत्तर, सगळं वहीत. पाच वस्तू, दहा मिनिटं! अहो, नुसती वस्तूंची चौकशी करायला साडेतीन तास!

आणि एवढं करून तो माल जमेल? ट्रेमधून काढला, सुरी लावली… भुस्स! अख्खा चिवडा! बार कुठला, बशीतून चमच्याने खायचा प्रकार. बाई टॅबलेटमध्ये हसतेच आहे. काकू उपाशीपोटी लांबून बघतायत. "मी काही बोलत नाही. पण पाक झाला नाही."

"पाकबिक नसतो ह्यात. अमेरिकन पदार्थ आहे."

"मध अमेरिकन असला म्हणून काय झालं? चिकटायला पाक लागतो."

त्र्यंबकरावांनी ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवून तिसऱ्यांदा मध उकळला. उकळला, उकळला, इतका उकळला की काळा पडला! घट्ट झाला म्हणता म्हणता असा घट्ट झाला, की सुरीचं पातं वाकलं. शंतनू ऑफिसच्या कॉलवरून उठून आला, हेडफोन कानात तसाच, गॅरेजमधून हातोडा घेऊन आला, आणि "येस, आय ॲग्री विथ दॅट" म्हणत म्हणत घाव घालायला लागला. ट्रेला पोचा आला. बारला ओरखडा नाही!

शुक्रवार दुपार. उरलेले ओट्स एका वेळेपुरते, उरलेला उत्साह त्याहून कमी. इशिता शाळेतून येऊन दाराशी उभी. ओट्यावर वही, काटा, नाण्यांची चळत, आणि आबा स्टुलावर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. एकतीस वर्षं ज्यांना बघून अख्खी पेठ सरळ व्हायची, ते आज मधापुढे हरले होते.  ती आत आली, बॅग ठेवली आणि शेजारच्या स्टुलावर बसली. आजोबांना वाटलं, त्यापेक्षा ही ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग त्र्यंबकराव उठले, देवघरापाशी बसलेल्या काकूंकडे गेले, घसा खाकरला. "अगं… पाक किती वेळ उकळायचा?"

तुम्हाला सांगतो, ह्या एका प्रश्नाला बेचाळीस वर्षं लागली होती!

काकूंनी पदर खोचला. "वेळ नसतो त्याला. दिसतं."

"दिसतं म्हणजे? किती मिनिटांनी दिसतं?"

"मोठे बुडबुडे बारके झाले की."

"बारके म्हणजे किती मिलिमीटर?"

"अहो, थोडं गप्प बसा!"

आणि हे गप्प बसले! हातात वही, इशिताच्या हातात फोनवरचं स्टॉपवॉच. काकूंनी मधात थोडा गूळ टाकला, ढवळलं, बुडबुडे बारके झाले, पाण्याच्या वाटीत थेंब सोडला, बोटाने दाबला, गॅस बंद. "फोर मिनिट्स, टेन सेकंड्स, आबा!" "लिही!" म्हणत आबांनी वही तिच्याकडे सरकवली. ओट्स, बियांचं बटर, बेदाणे आत, भराभर ढवळून ट्रेमध्ये, तूप लावलेल्या वाटीच्या तळाने दाबून दाबून थापलं. आणि मग थंड होईपर्यंत कोणीही हात लावायचा नाही. तासभर तिघंही त्या ट्रेभोवती बसून होते, नवं बाळ पाहावं तसे. सुरी लावली… कट्! एकसारखी वडी. मऊ, पण मोडत नाही. इशिताने कडेचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. "ओ माय गॉड, आजी!"

"मी पण होतो," त्र्यंबकराव म्हणाले.

वीस बार. प्रत्येक काट्यावर. एकेचाळीस भरला तर कोपरा छाटायचा, एकोणचाळीस भरला तर तो कोपरा ह्याला चिकटवायचा! मग बटर पेपर, आणि राधिकाच्या प्रिंटरवर इंग्रजीत छापलेलं लेबल. इशिता झोपायला गेल्यावर छापलेलं, म्हणून तिला पत्ता नाही.

शनिवारी सकाळी नऊला मैदानावर असा वारा, की कानटोपीतसुद्धा कान गार. इशिताची टीम चार-शून्य हरली. मुली हाश्शहुश्श करत टेबलापाशी आल्या, डबा उघडला, आणि इशिताने लेबल वाचलं. निव्वळ वजन चाळीस ग्रॅम. तयार केल्याची तारीख. बॅच क्रमांक चार. साहित्याची यादी, प्रत्येक साहित्याचा खुलासा. आणि खाली ठळक: तक्रार असल्यास संपर्क, त्र्यंबक, इशिताचे आजोबा, आणि फोन नंबर! पोरगी लालबुंद. "आबा… यू पुट अ कम्प्लेंट नंबर?"

"कायदा आहे," आबा म्हणाले. "तिकडचा."

कोच बेकी हसायला लागली, दोनचार आया हसल्या, आणि त्र्यंबकरावांना वाटलं, झालं, केली फजिती पोरीची. तेवढ्यात मागून एक बाई आली, उंच, हातात सफरचंदाचा डबा. हॅनाची आई, क्रिस्टन. तिने एक बार उचलला. लेबल वाचलं. पुन्हा वाचलं. "ट्रे?" तिने विचारलं. "न्यू ट्रे," हे म्हणाले. "स्पून?" "न्यू." "हाउ डू यू नो अबाउट द ओट्स?" त्र्यंबकरावांनी कोटाच्या आतल्या खिशातून वही काढली. सगळं इंग्रजीत: फोनवर बोललेल्या माणसाचं नाव, वेळ, उत्तर. बाद झालेल्या चिप्सचं कारण. आणि शेवटची ओळ, इशिताच्या अक्षरात: बुधवारपासून ह्या किचनमध्ये एकही शेंगदाणा आलेला नाही, तो गॅरेजमध्ये आहे, आजी रागावली आहे.

क्रिस्टन वाचत होती आणि अख्खं टेबल तिच्याकडे बघत होतं. मुलींनीही बार उघडले नव्हते. मग तिने वही मिटली, नाक पुसलं, वाऱ्याने असेल, आणि बाजूला बसलेल्या लेकीला हाक मारली. "हॅना… यू कॅन हॅव वन."

हॅनाने आधी आईकडे पाहिलं, मग बारकडे. एक घास. मग दुसरा. मग तोंड भरलेलं असतानाच, "कॅन आय हॅव अनदर?"

"माय ग्रँडपा मेड दीज," इशिता मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "ही'ज लाइक, अ फूड इन्स्पेक्टर."

"वेट्स अँड मेझर्स," त्र्यंबकरावांनी दुरुस्ती केली. पण आवाज जरा बसला होता. वाऱ्यानेच.

आणि कोणीतरी विचारलं, "इज इट हार्ड?" तर आबा छाती काढून काय म्हणाले माहितीये? "नो नो! फाइव्ह इन्ग्रेडियन्ट्स, टेन मिनिट्स!" शोभनाकाकूंनी नुसतं पाहिलं. मी काही बोलत नाही, एवढंसुद्धा म्हणाल्या नाहीत!

तुम्ही म्हणाल, गोड झालं सगळं. थांबा. संध्याकाळी कोच बेकीचा मेल आला, स्नॅकचं नवं वेळापत्रक. पुढचे पाच शनिवार, प्रत्येकापुढे एकच नाव: मिस्टर आबा. बाकीच्या पाच घरांनी मोठ्या मनाने आपापला शनिवार सोडला होता! खाली टीप: मुलांची टीमसुद्धा विचारते आहे.

त्र्यंबकराव हबकले. "राधिका, हे कसं जमेल? मी व्हिजिटर म्हणून आलोय! मला इथं काम करायची परवानगी नाही!"

"बाबा, पगार घेतला तर प्रॉब्लेम. घरचं म्हणून फुकट केलं, तर कोण विचारतंय?"

"फुकट?" शोभनाकाकू उठल्या, पातेलं गॅसवर ठेवलं. "मग सरका बाजूला. तो व्हिसा माझ्याकडे लग्नापासून आहे."