खाडीतल्या चर्चचा दिवा

पावाच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे स्ताथिस होता, पर्यटक पाहुण्यांना वल्ह्यांच्या छोट्या कयाक होड्या भाड्याने देणारा. त्याच्यापुढे कालिरोई मावशी.

“स्ताथिस, काल संध्याकाळी खाडीतल्या चर्चमध्ये दिवा दिसला मला.”

“भास झाला असेल, मावशी.”

“डोळे शाबूत आहेत माझे! तिथे पायवाट नाही. काल सण, सगळ्या होड्या धक्क्याला बांधलेल्या. मग लावला कुणी?”

“अगं, माझे पाहुणे कयाक घेऊन तिकडेच...”

“ती प्लॅस्टिकची खेळणी? अरे, समुद्रावरून सुखरूप परत आलेला माणूस लावतो तो दिवा. पाहुण्यांना काय ठाऊक?”

“मीच त्यांना सांगितलं की...”

“माझा पोरगा मानोलिस समुद्रावर गेला त्याला अकरा वर्षं झाली. सापडला कुठे? आता मी काय समजायचं, तूच सांग. डोकंच चालत नाही बघ.”

मावशी पाव देणाऱ्या मुलीकडे वळली.

“पोरी, आज दोन पाव दे गं. हो, दोन. तू काय म्हणत होतास रे?”

“काही नाही. त्या दिव्यात तेल किती मावतं, मावशी?”

“एका रात्रीपुरतं. का?”

“सहज.”

मावशी दोन्ही पाव छातीशी धरून गेली.

“तुला काय देऊ, स्ताथिस?”

“एक पाव. आणि ती तेलाची बाटली.”