एकाच सभेतली दोन भाषणं

हे कुणाला सांगायचं नाही असं बाबांनी बजावलं आहे, म्हणून आपल्यातच ठेवा. निवडणुकीच्या सभेला आरमोरीहून पुढारी आले होते. ते मराठीत बोलत आणि माझे बाबा, आमच्या गावचे गुरुजी, तेच लोकांना गोंडीत सांगत.

पुढारी टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "जंगलातल्या बंदूकवाल्यांना आम्ही संपवू."

बाबांनी जंगलाकडे पाहिलं. मग गोंडीत म्हणाले, "साहेब म्हणतात, यंदा धान चांगलं आहे. अंधार पडायच्या आत घरी जा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला गोंडी येते, म्हणून मी आधी पुढाऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पुढाऱ्यांनी मात्र बाबांची पाठ थोपटली. "पाहिलं गुरुजी, शब्दांत किती ताकद असते."

काल एक अनोळखी माणूस आमच्या अंगणात पाणी प्यायला थांबला. तांब्या खाली ठेवून म्हणाला, "भाषण बढिया झालं, गुरुजी. त्याहिचं बी अन् तुमचं बी. मले दोन्ही समजते."

"तुम्ही कोणाकडचे, भाऊ?" बाबांनी विचारलं.

तो नुसता हसला. "उद्या येतो."

बाबा कालपासून जेवले नाहीत. मला वाटतं, तो जर जंगलातला नसून पुढाऱ्यांचा माणूस असेल तर निदान...

थांबा, आई हाक मारते आहे. "आत ये वो लवकर, कोणी येऊन राह्यलं."