थंडीत पाणी झालेला बर्फ

अबे, तुमाले खोटं वाटन, पण गेल्या हिवाळ्यात कामरगावले आमी घरात कुडकुडून राह्यलो होतो अन् फ्रीजरमधल्या बर्फाचं पाणी झालं! मायनं उन्हाळ्यासाठी ठेवलेले तुरीचे सोले, म्हंजे हिरवे दाणे, पार भिजून गेले.

माय ओरडली, "लाईन तं आहे, मंग हे काहून?"

फ्रीज पाहाले बलावलेला मेकॅनिक म्हणे, "तुमची मागची खोलीच इतकी थंडी आहे, का फ्रीजले वाटते आपलं काम झालं. मशीन चालूच होत नाही, मंग फ्रीजरमधला बर्फ वितळते. त्याले गरम जागी ठेवा."

मायनं फ्रीज लगेच सैपाकघरात, चुलीसमोर नेला. दुसऱ्या दिवशी बर्फ तयार!

मागच्या खोलीत गोधडी पांघरून बसलेले बाबा डोळे फाडून पाहात राह्यले. "मी म्हैनाभर चुलीपाशी खाट मागून राह्यलो, अन् जागा भेटली याले?"