आपल्या गावात तसलं काही नाही

(पिंपरीचा सरकारी दवाखाना. एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या खोलीबाहेरचं बाकडं.)

शालनबाई : रुमाल काढा तोंडावरचा, दौलतराव भावजी. जिन्यावरच चाल ओळखली मी. आख्ख्या गावात असं पोट पुढं काढून दुसरं कोण चालतंय?

दौलतराव : हळू बोला, वहिनी. मी आपला डोळे तपासायला आलो होतो.

शालनबाई : डोळ्यांचं खालच्या मजल्यावर. एवढी मोठी पाटी दिसली न्हाई म्हणजे खरंच तपासून घ्या.

दौलतराव : आणि तुम्ही कशाला आलात इथं?

शालनबाई : गोळ्या न्यायला. एचआयव्हीच्या. असं डोळं फाडून काय बघताय? तुमचे दादा गेले तवापासनं घेते. गावानं कावीळ म्हटलं, मीबी कावीळच म्हटलं. मयताला आलेल्या बायका मलाच सांगत हुत्या, उसाचा रस पीत जा, तुला नको व्हायला.

दौलतराव : समोरासमोर दारं आपली. आम्हाला कधी शंकासुद्धा आली नाही.

शालनबाई : येऊ दिली न्हाई म्हणून. आता तुमचं सांगा.

दौलतराव : हर्नियाचं ऑपरेशन करायचं होतं. आधी रक्त तपासलं, त्यात निघालं. आज गोळ्या दिल्या. पण वहिनी, हे आपल्याकडचं नाही हो. ही शहराची घाण. कंपन्या आल्या, बाहेरची पोरं आली...

शालनबाई : ती बाहेरची पोरं तुमच्याच चाळीत राहत्यात न्हवं? भाडं घेताना लेकरं, आन् आता घाण व्हय? आन् आपलं गाव तरी कुठं गाव राहिलंय? घरपट्टी आली की तुमी खेड्यातले, भाडेकरू आला की शहरातले.

दौलतराव : म्हणजे आपल्याकडं आधीपासून होतं म्हणता?

शालनबाई : तुमी सरपंच असताना तपासणीची गाडी आलती, आठवतंय? मारुतीच्या देवळापुढं उभी राहिली. तुमी डॉक्टरला शाल दिली, नारळ दिला, चहा पाजला आन् वेशीवरनंच वाटेला लावला. काय म्हणालात? आपल्या गावात तसलं काही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सकाळची गोळी घेऊन मीबी तिथंच उभी हुते. मीबी वाजवल्या.

दौलतराव : गावाच्या अब्रूचा प्रश्न होता. पोरांच्या सोयरिकी मोडल्या असत्या.

शालनबाई : मोडू दिल्या न्हाईत, चांगलं केलंत.

दौलतराव : पण गोळ्या आपल्या तालुक्यात मिळत नाहीत का? एवढ्या लांब कशाला येता?

शालनबाई : मिळत्यात की. एकदा गेले हुते चाकणकडं. लायनीत बघते तर सगळी पिंपळे गुरवची आन् चिंचवडची. टोप्या पार डोळ्यांवर. त्यांच्या सोसायटीतलं कुणी दिसू नये म्हणून ती आपल्याकडं, आन् आपली आळी चुकवायला आपण त्यांच्याकडं. बस दोन्हीकडनं भरून जाती. सरकारला वाटत असंल, पिंपरीत खेडवळ आजारी आन् चाकणला सायब.

दौलतराव : तुम्हाला हसू सुचतंय. मला इथं मरण दिसतंय.

शालनबाई : माझ्याकडं बघा बरं. मरायला टेकलेली बाई अशी दिसती? गेल्या पावसाळ्यात बांधावर उभी राहून तुमच्याशी भांडले, माझा आवाज तरी बसला का?

दौलतराव : बांधाचंच बोलतो. माझं नाव गावात काढू नका. माझ्या ट्रॅक्टरनं तुमचा बांध कोरला, मान्य. उद्याच मोजणीला अर्ज देतो. बांधावरचा आंबासुद्धा तुमचा.

शालनबाई : अगं बाई! कोर्टात एवढी वर्सं झालं न्हाई ते या बाकड्यावर झालं.

दौलतराव : मग ठरलं?

शालनबाई : थांबा. आत मॅडमनी काय सांगितलं तुमाला?

दौलतराव : गोळी चुकवायची नाही. दारू बंद.

शालनबाई : आणखी?

दौलतराव : बायकोला, सोजरला, तपासायला घेऊन या म्हणाल्या.

शालनबाई : मग कवा आणताय?

दौलतराव : बघू. दिवाळी होऊ दे.

शालनबाई : तुमचा बांध ठेवा तुमालाच. आंबाबी ठेवा. सोजरला आणा. तुमचं नाव माझ्या तोंडातनं जायाचं न्हाई, त्याला काय द्यावं लागत न्हाई.

दौलतराव : कोणत्या तोंडानं सांगू तिला? ती मला देव कधी मानत नव्हती, पण माणूस तरी मानते.

शालनबाई : तुमच्या दादांनी मला शेवटपर्यंत सांगितलं न्हाई. आजाराचा राग कवाच गेला, भावजी. न सांगितल्याचा गेला न्हाई. फोटोला हार घालतानाबी येतो. तुमी जित्तेपणी सांगाल, चार शिव्या खाल. तिला असलंच काही, तर तिची गोळीबी वेळेत चालू हुईल.

दौलतराव : ती यायची न्हाई.

शालनबाई : फोन लावा.

दौलतराव : आत्ता?

शालनबाई : लावा आन् हिकडं द्या. तुमचं काय ते तुमीच सांगायचं, घरी जाऊन, तिच्यासमोर बसून. मी नुसती सोबत मागते.

दौलतराव : बांधापायी ती तुमच्याशी बोलत न्हाई, वहिनी.

शालनबाई : मग ऐकंल तरी. द्या. ... हॅलो, सोजर? मी शालन. ठेवू नको गं, भांडायला न्हाई केला. ... सोमवारी मला पिंपरीच्या दवाखान्यात यायचंय. येशील का माझ्यासंगं? ... न्हाई, पोरांना न्हाई सांगितलं. कुणालाच न्हाई. ... एवढी वर्सं एकटीच येते गं.