सांगून काढलेलं हृदय

हाडांच्या दवाखान्यात आजी गुडघा धरून बसल्या होत्या. शेजारी दोघी बहिणी होत्या. थोरलीचा उजवा हात प्लास्टरमध्ये आणि सोमवारी शालान्त परीक्षेचा पेपर. ती सांगणार, धाकटी लिहिणार.

“ताई, हृदयाची आकृती सोड ना! आम्हाला अजून शिकवलंच नाही.”

“मला शिकवलंय. काढ, आधी तिरकी मूठ.”

“बटाटा झाला गं!”

“होऊ दे. आत चार कप्पे कर. खालच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड.”

“माझ्या डावीकडचा?”

“हृदयाच्या. कागदावर तो उजवीकडे येतो.”

“चुकलं तर तुझे मार्क जातील.”

“म्हणून तर पुन्हा काढायचं. खोड ते. महाधमनी अजून राहिलीय.”

“आजी, तुमचा नंबर!” नर्सने हाक मारली.

“पुढच्याला घ्या हो,” आजी म्हणाल्या. “आमची महाधमनी राहिलीय.”